पोळ्याआधीची सुई

श्रावण अर्धा सरला की माझे कान ढोरांच्या श्वासाकडे लागतात. गोठ्यावरून जाताना पाय आपोआप हळू पडतो. आत एखादी गाय खोकली तर मी थांबतो, पुन्हा खोकली तर आत डोकावतो, मग घर कोणाचं का असेना. लोकांना नवल वाटतं. हा तर मीटिंगवाला माणूस, भिंतीवर गेरूनं लिहिणारा, बाजारात पत्रकं वाटणारा. हा ढोराच्या नाकाशी कान नेऊन काय ऐकतो? मी सांगत बसत नाही. परवा दारव्ह्याच्या बाजारात एक म्हैस उभी होती. मान पुढे ताणलेली, कोपरं छातीपासून फाकलेली, आणि छातीतून आवाज येत होता, ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा. तिचा मालक भाव सांगत होता, कोणी दात मोजत होतं. त्या आवाजाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्यापुरता मात्र बाजाराचा सगळा कल्ला बंद पडला आणि तेवढा एक आवाज उरला.

मी मालकाला म्हटलं, "भाऊ, हिले बाजारात कायले आणलं? हिले घटसर्प आहे." त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू डॉक्टर हायेस का?" म्हणाला. मी डॉक्टर नाही. पण एका पावसाळ्यात तो रोग मी आतून पाहिला आहे, आतून म्हणजे अक्षरशः बरगड्यांच्या आतून. आज सात-आठ पावसाळे झाले. डोळ्यांसमोरून ते जात नाही, आणि रागही जात नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव दारव्हा आणि आर्णी यांच्या मधलं. गावाच्या खालच्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे आमची वस्ती. छप्पनच्या दसऱ्याला आमची माणसं नागपूरला गेली, दीक्षा घेऊन परत आली. आल्यावर देव नाल्यात सोडले आणि गावाला सांगून टाकलं की आजपासून तुमचं मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. त्याआधी कोणाच्याही गोठ्यात ढोर मेलं की आमच्याकडे हाक यायची. आमच्या माणसांनी दोर घेऊन जायचं, ढोर ओढत नाल्याकाठच्या ढोरफोडीच्या जागेवर न्यायचं, सोलायचं, कातडं आणि मांस घ्यायचं. याला आमचा हक्क म्हणत. घ्यायला नकार दिला तर मार बसतो, असा हा हक्क.

माझे वडील, सोमा, या कामातले नावाजलेले. त्यांनी सोललेल्या कातड्याला सुरीचा एक ओरखडा सापडायचा नाही म्हणत. दीक्षेनंतर बाबांनी काय केलं? ढोर ओढायचा दोर उकलला आणि त्यानं बाज विणली. माय म्हणाली, "अवो, त्या दोरावर कोण निजन?" बाबा म्हणाले, "गुणा निजन. त्याच्या हाताले नाही लागला तो वास." गुणा म्हणजे मी. मी निजलो. भिंतीवर लिहायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा वस्तीच्या तोंडाशी जी भिंत आहे तिच्यावर मी हातभर अक्षरांत लिहिलं की मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. लिहिणं सोपं होतं. एखाद-दुसरं ढोर मरायचं तोवर गाव कुठून तरी माणूस आणायचं आणि आमच्याकडे डोळे वटारायचं. खरी परीक्षा साथीत होणार होती. गोठ्यागोठ्यात ढोरं पडली, गाव वासानं कोंडलं, आमची मजुरी बंद झाली, की बाबांचा शब्द टिकतो का? त्या पावसाळ्यात आमच्यापुढे हा एकच प्रश्न होता, आणि तो बाबांच्या अंगावर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता पुंडलिकभाऊंचं सांगितलं पाहिजे. पुंडलिकभाऊ कुणबी. त्यांचा एक कोरडवाहू तुकडा आणि एकच बैल, चांद्या. आमचाही एक तुकडा आणि एकच बैल, पाखऱ्या. पिकातलं गवत काढायचा डवरा एका बैलानं चालत नाही. म्हणून सावड होती. दोन्ही बैल एका जुवाखाली, आज त्यांच्या कपाशीच्या पऱ्हाटीत, उद्या आमच्या तुरीत. माझ्या आठवणीआधीपासूनची ही सावड. बैल म्हातारे होऊन बदलले, सावड राहिली. वावरात पुंडलिकभाऊ बाबांच्या हातची तंबाखू घ्यायचे, त्यांच्याशी एका धुऱ्यावर, बांधावर बसायचे, आणि गावाची शीव आली की पुढे निघून जायचे, जसे काही ओळखतच नाहीत. मला हे सहन व्हायचं नाही. एकदा म्हटलं, पत्रकात लिहितो. बाबांनी सरळ सांगितलं, "पुंडल्याचं नाव लिहशीन तं घरात येऊ नको."

श्रावणात ढोरांचे डॉक्टर घटसर्पाची सुई टोचायला आले. यवतमाळचे. त्यांच्या घरात सगळे कचेरीत चिकटलेले, हाच एक पोरगा ढोरांत पडला. सायकलच्या मागे बर्फाचा डबा, डब्यावर ओलं पोतं, पोत्यावरून पाणी गळत होतं. "आई सगळ्यांना सांगते, मुलगा डॉक्टर आहे," ते हसत म्हणाले, "कशाचा ते सांगत नाही." माय म्हणाली, "मंग आमाले बी टोचा, डॉक्टरसायेब. आमचं जिणं बी ढोराचंच." आमच्या वस्तीतल्या ढोरांना त्यांनी झाडून टोचलं. पाखऱ्याच्या मानेवर सुई गेली तेव्हा त्यानं कातडी थरथरवली आणि पुन्हा रवंथ करू लागला. आठवडाभर तिथं लिंबाएवढी गाठ राहिली. झालं एवढंच.

गावानं मात्र सुई परत पाठवली. पोळा पंधरा-वीस दिवसांवर आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, शेकतात, बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या खांद्याशीच सुई टोचायची? मानेवर गाठ घेऊन बैल तोरणाखाली उभा करायचा? पोळ्याआधी बैलाला दुखवायचं नाही, चाबूकसुद्धा उगारायचा नाही, ही रीत. आम्ही पोळा सोडला होता, म्हणून आमच्या बैलांना सुई चालली. "त्यायले आता कोणता देव राह्यला," पारावर कोणी तरी म्हणालं, "त्यायच्या बैलायले काय, उद्या करवतीनं कापा." माया होती त्या लोकांची बैलांवर. खरी माया. तिनंच सुई परत पाठवली, हे मला आजही गिळवत नाही.

आणि पुंडलिकभाऊ? डॉक्टर आले तेव्हा चांद्या आमच्याच दारात होता. डवरणीहून नुकते परतले होते, दोन्ही बैल शेजारी बांधलेले. डॉक्टरांनी पाखऱ्याला टोचलं, सुई पुसली, चांद्याच्या मानेवर हात ठेवला. पुंडलिकभाऊ उठले आणि दावं सोडू लागले.

बाबा म्हणाले, "पुंडल्या, जोडी आहे ना बे. एकाले टोचून काय करतं?"

"पोळा होऊ दे, सोमादा."

"पोळ्याले वेळ आहे. गाठ उतरन तवरोक."

"नाही उतरली तं?" पुंडलिकभाऊंनी दावं मुठीत गुंडाळलं. "चांद्या तोरणाखाली नाही दिसला तं गाव काय म्हणन माहीत आहे तुले? आंधीच म्हणून राह्यले, पुंडल्या त्यायच्यातच गेला म्हणून. घरात पोरगी लग्नाची आहे माह्या."

डॉक्टर काही तरी बोलायला गेले. बाबांनी हात हलवून त्यांना थांबवलं. चांद्या गेला. जाताना त्याच्या गळ्यातली घंटा वाजत गेली आणि पाखऱ्या मान वळवून पाहत राहिला. लोक मला म्हणतात, तू जिथं तिथं जात आणतोस. मी आणत नाही. ती आधीच त्या दाव्याच्या गाठीत बसलेली असते. चांद्याला सुई मिळाली नाही याचं कारण पोळा नव्हता. आमच्या बैलाशी त्याची जोडी होती, हे कारण होतं.

पोळा आम्ही नाल्याच्या अलीकडून पाहिला. भुरभुर चालू होती. झुली भिजून काळ्या पडलेल्या, शिंगांचा वार्निस चमकत होता, वाजंत्री ओल्या कातड्यावर थपथप वाजत होती. झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे आवाज तुटक तुटक यायचे. पाटलांच्या मानाच्या जोडीतला एक बैल सकाळपासून चाऱ्याला तोंड लावत नव्हता, त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हे नंतर कळलं. पण मानाची जोडी पुढे झाल्याशिवाय पोळा फुटत नाही, म्हणजे बैल तोरणाखालून सुटत नाहीत. जोडीतला बैल बदलला तर मान जातो. त्यांनी त्याची लाळ पुसली, झूल चढवली आणि त्याला तोरणाखाली आणलं. गावचे सगळे बैल बरगडीला बरगडी लावून त्याच्या मागे उभे. पोळा फुटल्यावर बैल घरोघरी गेले, आणि पहिला मान पाटलांच्या घरचा. पाटलीणबाईंनी पितळी परातीत पुरणाची पोळी कुस्करून ठेवली होती. मानाच्या बैलानं जीभ लावली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. एकच परात, सगळ्या गावाच्या जिभा. ओवाळून, हळदीकुंकू लावून, हात जोडून त्यांनी आपल्या बैलांना रोग चारला. मला त्या परातीचं स्वप्न पडतं.

मानाचा बैल दुसऱ्या दिवशी गेला. मग इथं एक, तिथं एक. गळ्याखाली सूज यायची, हातानं दाबली तर गरम आणि टणक, डोळे लाल, जीभ सुजून दातांच्या बाहेर. काही तर संध्याकाळी चारा खाऊन सकाळी मेलेले सापडले.

चांद्या लवकर मेला नाही. त्याच्या गळ्यावर सूज थोडी होती, रोग छातीत उतरला होता. पुंडलिकभाऊंनी त्याला गावाबाहेर, वावरातल्या बाभळीखाली आणून बांधला. बाबा तिथं गेले. मी विरोध केला. बाबा म्हणाले, "जिता आहे तवरोक तो माहा बी बैल आहे." चांद्या आडवा झाला की त्याला श्वास मिळेना, म्हणून दोघांनी मिळून त्याला छातीवर बसता ठेवला, दोन्ही बाजूंनी गवताची पोती लावली, पोत्यांना पाठ लावून आपण बसले. इकडून पुंडलिकभाऊ, तिकडून बाबा, मधे बैल. प्रत्येक श्वासाला तो कण्हायचा. श्वास आत घेताना नाकपुड्या एवढ्या फाकायच्या की आतलं लाल दिसे, सोडताना पोट आत खेचलं जाई आणि नाकातून गुलाबी फेस यायचा. पुंडलिकभाऊ धोतराच्या सोग्यानं तो पुसायचे. पुन्हा यायचा. मी धुऱ्यावर उभा होतो. भोवती पऱ्हाटीत कोवळं पातं धरलं होतं, हवेत ओल्या मातीचा वास होता, आणि सगळ्या जगात भरपूर हवा होती. त्या एका जनावराला ती मिळत नव्हती.

डॉक्टर सायकल चिखलात ढकलत आले. त्यांनी सल्फाचं औषध दिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरच उत्तर होतं. पुंडलिकभाऊंनी त्यांचे पाय धरले.

"ते सुई टोचा ना सायेब. पोळ्याच्या आंधी आणली होती ते."

"ती आता नाही चालत, पुंडलिकराव."

"काहून नाही चालत? पोळा झाला आता. आता काही नड नाही."

 डॉक्टरांनी खाली बसून समजावलं. ते समजावणं मी पुढे किती तरी गावांत बोलून दाखवलं आहे. लस म्हणजे औषध नव्हे, ते म्हणाले. मेलेले जंतू असतात त्यात. त्यांच्यावरून रक्त शत्रूचा चेहरा शिकतं. शिकायला दोन-तीन आठवडे लागतात. मग खरा शत्रू आला की रक्तातले पहारेकरी त्याला दारातच धरतात. तुमच्या चांद्याच्या रक्तानं हा चेहरा कधी पाहिला नव्हता. आता घरात शिरल्यावर दाखवून काय उपयोग?

पुंडलिकभाऊंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग पाखऱ्याले नाही होणार?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. पुंडलिकभाऊ पोत्याला टेकून वर आभाळाकडे पाहत राहिले. "बरं झालं," म्हणाले. खरंच बरं वाटलं त्यांना, की आतून जळले, मला सांगता येणार नाही.

दुपार कलताना कण्हणं थांबलं. घंटा एकदा वाजली, मान खाली गेल्यामुळे. बाबा पोत्याला पाठ लावून बसले होते, ते उठले आणि बाजूला झाले. बैल आता मेलेला होता. बाबांचा शब्द तिथून सुरू होत होता.

डॉक्टरांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी आधी कानातलं रक्त काचेवर घेतलं, पेटीतल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मान डोलावली आणि मग बाही वर करून स्वतःच छाती उघडली. पुंडलिकभाऊंनी बैलाचा पुढचा पाय वर धरला. मी जवळ गेलो, कारण मला पाहायचं होतं. आतून पिवळं पाणी वाहिलं. बरगड्यांना फुप्फुस चिकटलं होतं, मधे दह्याच्या सायीसारखा पिवळट पापुद्रा. निरोगी फुप्फुस पिंजलेल्या कापसासारखं असतं म्हणे, गुलाबी, हलकं, दाबलं की करकरतं. हे काळजासारखं होतं, घट्ट, काळपट लाल, आणि त्यातून पांढुरक्या पट्ट्या गेलेल्या, फरशीतल्या रेघांसारख्या. डॉक्टरांनी एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. तो दगडासारखा तळाला गेला.

"चांगलं फुप्फुस तरंगतं," ते म्हणाले. "यात हवेला जागाच राहिली नाही."

मी विचारलं, "एवढं सगळं जंतूंनी खाल्लं?"

"खाल्लं कुठे? भरलं. आणि सगळं जंतूंनी नाही." त्यांनी सुरी पुसली. "जंतू शिरला तशी अंगातली फौज धावली. नळ्या फुटल्या, पाणी झिरपलं, रक्त गोठलं, मेलेले शिपाई तिथंच साचले. लढाई श्वासाच्या जागेत झाली. निम्मा नाश शत्रूचा, निम्मा या उशिरा आलेल्या फौजेचा. आधी ओळख असती तर एवढी धावाधाव करावी लागली नसती."

मी पत्रकवाला. माझ्या डोक्यात लगेच ओळी तयार झाल्या, गाव, जात, रोग, रक्त. मी बोलून गेलो, "डॉक्टरसाहेब, गावाचंही असंच आहे." ते चिडले. "तुम्हाला भाषण सुचतंय," म्हणाले, "याचा बैल मेलाय." मला राग आला तेव्हा. आजही थोडा आहे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मला सोडत नाही. संताप दोन प्रकारचा असतो का? एक जो आधीच शांतपणे दाराशी उभा असतो, आणि एक जो आग लागल्यावर धावत सुटतो आणि आपलंच घर बुडवतो? मी कोणत्या जातीचा संताप लिहितो? ज्यानं बाज विणली त्याचा कोणता होता?

"इथून हलवू नका," डॉक्टरांनी बजावलं. "ओढत नेला तर नाकातोंडातून गळतं ते वाटभर सांडतं, गावभर रोग होतो. इथंच खोल पुरा, वर चुना टाका." मी ते ऐकलं आणि मला हसू येईना, रडू येईना. पिढ्यानपिढ्या आमच्याकडून हेच ओढून घेतलं. प्रत्येक दारावरून, प्रत्येक पाणवठ्यावरून. आमची कंबर मोडून त्यांनी स्वतःच्या गोठ्यांत रोग वाटून घेतला आणि याला गावगाडा म्हटलं.

खड्डा बाबांनी आणि मी खणला, बैलाच्या अगदी कडेला, म्हणजे ओढायचं नाही, नुसतं लोटायचं. लोटायचं काम पुंडलिकभाऊंचं. पण त्याआधी डॉक्टर म्हणाले, कातडं जागोजाग फाडून टाका, नाही तर कोणी तरी उकरून नेईल. सुरी त्यांनी पुंडलिकभाऊंकडे दिली. पुंडलिकभाऊंनी चांद्याच्या खांद्यावर सुरी ठेवली. तिथं अजून हळदीचा पिवळा डाग होता. ठेवली आणि तशीच धरून राहिले.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

मी ओरडलो, "बाबा, हात लावायचा नाही!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काही घेऊन राह्यलो का यातलं? कातडं नेऊन राह्यलो का घरी?" ते बैलाशेजारी गुडघ्यांवर बसले. "पुंडल्या, तिकडे तोंड कर." आणि ज्या माणसाच्या सुरीचा ओरखडा कधी कोणाला सापडला नव्हता, त्यानं ते अख्खं कातडं उभं-आडवं फाडलं, खांदा, पाठ, मांड्या, कुठंही हातभर साबूत जागा ठेवली नाही.  फाडून झाल्यावर सुरी मातीत खुपसून पुसली. मग पुंडलिकभाऊंनी खांदा लावून बैल खड्ड्यात लोटला. आवाज मोठा झाला. माती आम्ही तिघांनी ओढली.

ही बातमी गावात आमच्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः आले, वस्तीच्या तोंडाशी थांबले, धोतराचा सोगा नाकाला. मागे पुंडलिकभाऊ होते. त्यांना बोलावून आणलं होतं साक्षीला. पाटलांच्या गोठ्यात तेव्हा मानाचा बैल सडत होता आणि दुसरा नुकता पडला होता.

"सोमा," पाटील म्हणाले, "पुंडलिकाचं केलं म्हणते. मंग आमचं काहून नाही?"

बाबा उठले नाहीत. "पुंडलिकाचं वढलं नाही, पाटील. वावरातच पुरलं. तुमी बी पुरा."

"गोठ्यात पुरू का? गोठ्यात लेकरंबाळं राह्यतात बाजूले. हात तं लावला ना तू? सुरी चालवली ना? मंग तुमची दीक्षा-बिक्षा कुठं गेलती तवा?"

"तो माहा सावडी आहे," बाबा म्हणाले. "त्याचा बैल माह्या बैलासंगं जुवाखाली होता. तुमचा मी कोण लागतो?"

 पाटलांनी मागे वळून पाहिलं. "काय रे पुंडल्या? तू सावडी याचा?"

मी पुंडलिकभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिलं. काल ज्यांनी आमच्यासोबत माती ओढली होती, ज्यांच्या बैलाला बाबांनी टेका दिला होता, ते पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिले.   पाटील म्हणाले, "उद्यापासून या लोकायले वावरात घ्यायचं नाही. कोणीच नाही," आणि निघून गेले. पुंडलिकभाऊ त्यांच्यामागे गेले. सावड तिथं मोडली. माझ्या तोंडात शिव्या आल्या. बाबांनी एवढंच म्हटलं, "त्याले दुसरा बैल लागन. पाटलाबगर कुठून आणन तो?" मला अजून हे पटत नाही. त्या वर्षी आमच्या तुरीत गवत तुरीच्या वर गेलं. पाखऱ्या धडधाकट होता, आणि एकटा होता.

मजुरी बंद, किराणा बंद. आम्ही अंबाडीची भाजी उकडून खाल्ली. वारा गावाकडून आला की वस्तीत दारं लावून घ्यायची, तरी वास आत यायचा, पाण्याच्या मडक्यात बसायचा. गिधाडं पाटलांच्या गोठ्याच्या छपरावर येऊन बसली. बाया बाबांना म्हणू लागल्या, "सोमाजी, तुमीच सांगा काही, लेकरं उपाशी आहेत." बाबा ऐकायचे.  वस्तीला वाटत होतं, आज दोर घ्यायला उठतील, उद्या उठतील. मलाही वाटत होतं. त्यांच्या उठण्याची मला भीती वाटत होती.

मग एका सकाळी नाल्यापलीकडे गडबड दिसली. पाटलांची दोन्ही मुलं तोंडाला पंचे बांधून आपल्या गोठ्यातून बैल ओढत आणत होती. डॉक्टरांचं ऐकायचं सोडून ओढतच होती, त्याच जुन्या वाटेनं. दोर त्यांनी शिंगांना बांधला होता. शिंगांना बांधलं की मान वाकडी होते, मढं जागचं हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार? थोरला जोर लावायचा, दोर सुटायचा, तो चिखलात मागे पडायचा. पुन्हा बांधायचा, पुन्हा पडायचा. धाकटा मधेच वळून ओकला. आमची वस्ती काठावर गोळा झाली. लेकरं आधी बघत राहिली, मग एक हसलं, मग सगळी हसू लागली. थोरला पुन्हा पालथा पडला तेव्हा बायाही हसल्या. मीही हसत होतो, पोट धरून, किती तरी दिवसांनी.

बाबा मागून आले. लेकरांच्या पुढे जाऊन काठावर उभे राहिले. पलीकडच्या त्या दोघांकडे बराच वेळ पाहत राहिले, हात पाठीमागे बांधून.

"हासू नका रे," ते म्हणाले. "पह्यलीच खेप आहे त्यायची."